वरकस जमिनीचा ताळेबंद

महसुली दप्तरात ‘वरकस’ असा एक शब्द आहे. जेथे भाताची खाचरे बांधता येत नाहीत, नांगर जेमतेम चालतो, मातीचा थर वीतभर आणि त्याखाली मुरूम किंवा कातळ, अशा डोंगरउताराच्या जमिनीस वरकस म्हणतात. इगतपुरी तालुक्यात बँकेची नोकरी करताना हा शब्द मी असंख्य वेळा वाचला. कर्जाच्या प्रस्तावात मात्र तो क्वचितच तसा उतरे. तेथे ‘वरकस’चे ‘पडीक’ होई, आणि प्रस्ताव वरच्या कार्यालयात पोहोचेपर्यंत ‘पडीक’चे ‘विनावापर’ झालेले असे. जमीन तीच, उतार तोच. पण तिसऱ्या नावापर्यंत येता येता तिच्यावर जगणारी माणसे कागदावरून नाहीशी झालेली असत.

आज या शब्दाची आठवण होण्यास कारण आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. तेव्हापासून आपल्या समाजातील निदान पाच-सहा कुटुंबांनी मला एकाच धाटणीची माहितीपत्रके आणून दाखविली. कोणात बांबू, कोणात हत्तीगवत, कोणात नुसतेच ‘ऊर्जावन’. मजकूर साधारण एकच: डोंगरउताराची स्वस्त जमीन दीर्घ कराराने घ्या, एकदा लागवड करा, पुढे तीस वर्षे इंधन विका, निसर्गाची सेवा आणि उत्पन्न दोन्ही. माझ्या सख्ख्या भाच्यानेही असे एक पत्रक आणले आणि “मामा, तुम्ही बँकेत असताना असे प्रस्ताव पाहिले असतील ना?” असे विचारले. पाहिले होते. म्हणूनच हे लिहितो आहे. दुकानाच्या गल्ल्यातून साठविलेला पैसा कोठे गुंतवावा हा प्रश्न घरोघरी आहे, आणि या प्रश्नाचे उत्तर नाशिक जिल्ह्याने एकदा नव्हे, दोनदा स्वतःच्या अंगावर लिहून ठेवलेले आहे.

प्रथम ही जमीन समजून घ्यावी लागेल. इगतपुरीस वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढे पाणी पडूनही फाल्गुन-चैत्रात वरच्या पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट असते, कारण उतार पाणी थांबू देत नाही. सखल भागातील चांगली जमीन भाताची. पण त्यातील मोठा वाटा दारणा, अप्पर वैतरणा, मुकणे, भावली अशा धरणांखाली गेला. दारणा धरण १९१६ सालचे. म्हणजे हे शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. खाली खाचरे कमी होत गेली तसा वरकसाचा आधार वाढत गेला.

या वरकसावर महादेव कोळी व ठाकर शेतकरी पहिल्या वर्षी नागली घेतात, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी. मग दोन-चार वर्षे जमीन गवताला सोडून देतात. बाहेरून येणारा माणूस नेमका या मोकळ्या वर्षांत येतो आणि म्हणतो, जमीन पडीक आहे. त्या गवतावर गुरे जगतात. बांधावरच्या ऐनाच्या आणि इतर झाडांच्या फांद्या छाटून ‘कवळ’ आणतात. शेण, कवळ, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचून उन्हाळ्यात ‘राब’ भाजतात, आणि त्या भाजलेल्या वाफ्यावर पाऊस पडताच भाताचे रोप टाकतात. म्हणजे खालच्या खाचरातील भाताची सुरुवात वरच्या ‘पडीक’ जमिनीत होते. राब भाजणे योग्य की अयोग्य हा वाद कृषी खात्यात फार जुना आहे. त्यात मी पडत नाही. पण वरकस काढून घेतले तर भाताच्या रोपाचे काय, हा प्रश्न मी कोणत्याही प्रकल्प अहवालात विचारलेला पाहिला नाही.

आणि खुरासणी! भाद्रपद-आश्विनात इगतपुरी, त्र्यंबक, पेठकडील उतार पिवळ्या फुलांनी भरून जातात ते हे पीक. आपल्यापैकी भुसार व्यापार करणाऱ्यांना सांगायला नको, घोटीच्या आणि नाशिकच्या पेढ्यांवर खुरासणीची पोती येतात, तिचे तेल आदिवासी घरांत रोजच्या जेवणात वापरतात आणि तिचे बी पक्ष्यांचे खाद्य म्हणून थेट अमेरिकेपर्यंत जाते. तिकडे तणाचे बी जाऊ नये म्हणून ते आधी उष्णतेने निर्जीव करावे लागते, एवढाच काय तो उपद्व्याप. सांगायचा मुद्दा असा की, या उतारावर तेलबियांचे पीक पिढ्यान्‌पिढ्या आहेच, आणि ते माणसाच्या पोटात जाणारे तेल देते. त्याच्या जागी इंजिनाच्या पोटात जाणारे तेल घ्यावे, असा विचार नाशिक जिल्ह्यात प्रथम जोराने मांडला गेला तो १९८६ च्या सुमारास.

त्याआधी निलगिरी येऊन गेली होती. नाशिकचे माजी मंत्री विनायकदादा पाटील यांचे नाव या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. त्यांना लोक ‘वनाधिपती’ म्हणत आणि ती नुसती स्तुती नव्हती. शेतकऱ्याने झाड हे पीक म्हणून लावावे, सहकारी तत्त्वावर विकावे, हा विचार त्यांनी या जिल्ह्यात रुजविला. लाकूड तोडण्याच्या भाषेत बोलणाऱ्या काळात ते लाकूड पिकविण्याच्या भाषेत बोलत होते. निलगिरीला आरंभी चांगला भाव मिळाला. मग देशभर सर्वांनीच ती लावली, आणि सर्वांची झाडे एकाच वेळी तोडणीस आली तेव्हा उत्तर भारतापासून गुजरातपर्यंत भाव कोसळले. कांद्याच्या बाबतीत लासलगावचा व्यापारी जे दर दोन-तीन वर्षांनी पाहतो, तेच निलगिरीच्या बाबतीत सात-आठ वर्षांच्या अंतराने झाले. अंतर मोठे असल्याने शहाणपण यायलाही तेवढाच उशीर.

सुबाभळीची गोष्टही याच सुमाराची. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाई यांच्या बाएफ संस्थेने ती चारा आणि सरपण यांसाठी गावोगावी नेली. १९८८ मध्ये तिच्या कोवळ्या शेंड्यांवर जगणारी एक बारीक कीड भारतात प्रथम आढळली आणि झपाट्याने पसरली. एकाच जातीचे झाड सर्वत्र लावले की त्याचा शत्रूही सर्वत्र पोहोचतो.

मग आली मोगली एरंड. हे झाड आपल्याकडे कुंपणाला पूर्वापार असे. त्याला जनावर तोंड लावीत नाही, कारण ते विषारी आहे. बियांत तीस-पस्तीस टक्के तेल. ते तेल खाता येत नाही, पण जाळता येते, आणि प्रक्रिया केली तर डिझेलमध्ये मिसळता येते. विनायकदादांनी पुढाकार घेऊन नाशिक व आसपासच्या जिल्ह्यांत काही हजार हेक्टरांवर शेतकऱ्यांकडून ती लावून घेतली. देशात ‘बायोडिझेल’ हा शब्द फारसा कोणी उच्चारत नव्हता त्या काळात हे घडले, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या दूरदृष्टीचे मोल कळते. मी तेव्हा तरुण अधिकारी होतो. लागवडीची कागदपत्रे टेबलावरून जात, त्यांत झाडांची संख्या, खड्ड्यांचा खर्च, रोपांचा खर्च सारे बारकाईने लिहिलेले असे. उत्पन्नाच्या रकान्यात मात्र एकच आकडा सर्व प्रस्तावांत सारखा असे. निफाडची काळी जमीन असो की सिन्नरचा माळ, आकडा तोच. चार-पाच वर्षांत शेतकऱ्यांनी झाडे उपटून टाकली. बी अपेक्षेच्या मानाने फारच थोडे निघाले, वेचणीची मजुरी भागेना, आणि खरेदीदार कोण, हे अखेरपर्यंत निश्चित झाले नाही. यात कोणी कोणाला फसविले नव्हते, हे आवर्जून सांगतो. झाड दुष्काळात जगते हे खरे होते. पण जगणे आणि फळणे या दोन गोष्टी आहेत. खतपाण्याशिवाय मोगली एरंड जगते. भरघोस फळण्यासाठी तिलाही द्राक्षबागेसारखेच खत आणि पाणी लागते.

इतका अनुभव नाशिकच्या गाठीशी असताना दुसरी लाट दिल्लीहून आली. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली–अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस पाच टक्के बायोडिझेल मिसळून चालविण्यात आली. २००३ च्या एप्रिलमध्ये नियोजन आयोगाच्या समितीने अहवाल दिला. २०११–१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के मिश्रण करावयाचे, त्यासाठी सुमारे एक कोटी बारा लाख हेक्टर मोगली एरंड लावावयाची. राष्ट्रपती डॉ. कलाम यांनीही या झाडाचा मनापासून पुरस्कार केला. रेल्वेने रुळांकडेच्या जमिनीत रोपे लावली. वातावरणच असे होते की, शंका घेणारा माणूस देशाच्या प्रगतीआड येणारा वाटावा.

या वेळी मी तालुक्यातील एका शाखेचा व्यवस्थापक होतो. २००६ साली आमच्याकडे शहरातील काही मंडळींचा प्रस्ताव आला: शंभरावर हेक्टर वरकस, भाडेपट्ट्याने, मोगली एरंडीची लागवड, बी आसपासच्या कारखान्यास. अहवाल गुळगुळीत कागदावर, रंगीत छायाचित्रांसह. त्यातील हिशेब असा होता, आणि तो अहवालकर्त्यांनी मनाने काढलेला नव्हता, नियोजन आयोगाचाच होता: हेक्टरी २,५०० झाडे, प्रत्येक झाडास दीड किलो बी, म्हणजे हेक्टरी पावणेचार टन, भाव किलोस पाच रुपये, म्हणजे हेक्टरी १८,७५० रुपये. गुणाकार अचूक आहे. पण दीड किलो हा आकडा इगतपुरीच्या कातळावर कोणी मोजला होता? कोरडवाहू, हलक्या जमिनीवर बहुतांश ठिकाणी हेक्टरी टनभरही बी निघत नाही, हे नाशिकमध्ये पंधरा वर्षांपूर्वीच दिसले होते. टनभर धरले तरी १८,७५० चे ५,००० होतात, आणि त्यातून वेचणी द्यायची. फळे एकदम पिकत नाहीत. एकाच झाडावर हिरवे, पिवळे, काळे असे सारे एकत्र असते, म्हणून फेऱ्या करून हाताने वेचावी लागतात. वेचणीचा हंगाम आणि भातकापणीचा हंगाम एकच. भातकापणी झाली की माणसे द्राक्षाच्या कामावर दिंडोरी-निफाडकडे जातात. वेचणार कोण?

दुसऱ्या बाजूचाही हिशेब मी मांडून पाहिला. तेल कंपन्यांनी बायोडिझेल लिटरला २५ रुपये दराने घ्यावे असे सरकारी धोरण जानेवारी २००६ पासून लागू झाले होते. लिटरभर तेलास साडेतीन किलोच्या आसपास बी लागते. पाच रुपये दराने बियांचेच साडेसतरा रुपये झाले. उरलेल्या साडेसात रुपयांत वाहतूक, गाळप, प्रक्रिया, व्याज आणि नफा. शेतकऱ्यास बियांचा भाव दोन रुपयांनी वाढवून द्यावा तर कारखाना तोट्यात. न द्यावा तर शेतकरी वेचणीला फिरकत नाही. आपल्या समाजातील कोणत्याही अनुभवी व्यापाऱ्याने हा कागद पाहिला असता तर चहा थंड होण्याआधी परत केला असता. खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव यांच्यामध्ये श्वास घ्यायला जागाच नव्हती.

तरीही नियमाप्रमाणे स्थळपाहणीस गेलो. बरोबर गावातील एक वयोवृद्ध शेतकरी होते, डोक्याला मुंडासे, हातात कोयती. अहवालात ‘विनावापर’ म्हणून दाखविलेला उतार समोर होता. मी विचारले, “बाबा, ही जमीन किती वर्षे पडीक आहे?” ते माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “पडीक न्हाई साहेब, इसाव्याला बसलीये.” पुढच्या तासाभरात त्यांनी ती जमीन मला दाखविली: येथून कवळ निघतो, त्या आंब्याखाली उन्हाळ्यात गुरे बसतात, या खोबणीत मार्गशीर्षापर्यंत पाणी टिकते, पलीकडे पुढच्या वर्षी नागली. आणि मोगली एरंडीबद्दल विचारले तेव्हा म्हणाले, “ती चिखलात उभी ऱ्हात न्हाई. मुळं सडत्यात. आमी फकस्त बांधाला लावतो.” कृषी विद्यापीठाची पुस्तकेही तेच सांगतात: या झाडास पाणी साचलेली जमीन सोसत नाही. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या तालुक्यात कोरड्या प्रदेशाचे झाड लावायला निघालेल्यांनी ती पुस्तके उघडली नव्हती, आणि या बाबांनाही विचारले नव्हते. मी प्रतिकूल शेरा लिहिला. जमीन आदिवासी खातेदारांची असल्याने महसूल संहितेच्या कलम ३६ (अ) चाही प्रश्न होता. त्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून अशी जमीन बिगर-आदिवासीकडे भाडेपट्ट्यानेही जाऊ शकत नाही. प्रस्ताव बारगळला.

देशाच्या पातळीवर काय झाले ते सर्वांसमोर आहे. वीस टक्के राहिले दूर; २०१८ च्या जैवइंधन धोरणाने बायोडिझेलचे लक्ष्य पाच टक्क्यांवर आणले आणि मुदत २०३० पर्यंत नेली. त्याच वर्षी २७ ऑगस्टला डेहराडूनहून दिल्लीस एक विमान मोगली एरंडीचे इंधन मिसळून उडाले. शास्त्रज्ञांचे यश निर्विवाद होते. तेलात दोष कधीच नव्हता. प्रश्न त्या तेलासाठी लागणाऱ्या जमिनीचा आणि हातांचा होता.

येथे एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. कसारा घाट सदतीसास एक अशा चढाचा आहे. त्यामुळे मुंबईहून येणाऱ्या गाडीस कसाऱ्यास मागून जादा इंजिन लावतात आणि ते रेटत रेटत गाडी इगतपुरीस आणते. या मागच्या इंजिनास रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’ म्हणतात. इगतपुरीस पोहोचल्यावर बँकर सुटतो आणि गाडी पुढे भुसावळकडे आपल्या बळावर जाते. स्टेशनवरचा एक जुना कर्मचारी मला नेहमी चिडवी, “साहेब, तुमचे जातभाई घाट चढवून आले बघा.” सरकारी अनुदान आणि बँकेचे कर्ज यांचे काम एवढेच. घाट चढविणे. मोगली एरंडीच्या गाडीला पुढचे इंजिनच नव्हते. ती सारी मागच्या रेट्यावर निघाली होती.

पुढचे इंजिन असलेली गाडी मात्र मी घोटीतच पाहिली, आणि तिला कोणी योजना म्हणाले नाही. घोटी भाताची मोठी पेठ. येथील राईस मिलमध्ये शंभर किलो भात घातले की साधारण वीस किलो तूस निघते. मी प्रथम या भागात आलो तेव्हा मिलमागे तुसाचे डोंगर असत. वारा सुटला की शेजाऱ्यांच्या डोळ्यांत, पाऊस पडला की कुजून वास. वीटभट्टीवाले, कुंभार, गोठेवाले येऊन नेत, आणि नेणाऱ्यास मिलमालक वर चहा पाजीत, कारण जागा मोकळी होई. पुढे फर्नेस ऑइल महागले. गोंदे, सिन्नर, सातपूर, अंबड येथील कारखान्यांत बॉयलर होते, त्यांना स्वस्त इंधन हवे होते. किलोभर तुसात सुमारे तीन हजार किलोकॅलरी उष्णता असते. म्हणजे दिवसाला दहा टन भात भरडणाऱ्या मिलचे दोन टन तूस सुमारे दीड टन देशी कोळशाइतके काम करते. अडचण एकच: सुटे तूस फार हलके, घनमीटरला शंभर-सव्वाशे किलो. ट्रकभर तूस म्हणजे ट्रकभर हवाच. ते दाबून त्याच्या कांड्या केल्या की घनता पाच-सहा पट होते आणि वाहतूक परवडते. ज्याला बाजारात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात तो असाच, कृषी कचरा दाबून केलेला. राख पुष्कळ निघते, शंभरात अठरा-वीस, आणि ती बहुतांश सिलिका. बॉयलरवाल्यास ती रोजची डोकेदुखी. पण त्या राखेसही आता गिऱ्हाईक आहे.

माझे एक स्नेही मिलमालक आहेत, आपल्याच समाजातले. तुसाला भाव येऊ लागला तेव्हा त्यांनी कांड्यांच्या यंत्रासाठी कर्ज मागितले. अहवाल म्हणून त्यांनी वहीची दोन पाने पुढे केली. कच्चा माल किती? ‘मागील पाच वर्षांचे भरडाईचे रजिस्टर पाहा.’ गिऱ्हाईक कोण? ‘हे दोन कारखाने, ही त्यांची पत्रे.’ माल नाही गेला तर? ‘स्वतःच्या भात उकडण्याच्या भट्टीला वापरीन.’ जमीन नवी घ्यायची नव्हती, पीक बदलायचे नव्हते, कोणाच्या गुराचे कुरण जाणार नव्हते. कर्ज मुदतीआधी फिटले. यात झाड लावल्याचे पुण्य नाही, छायाचित्र काढण्यासारखे काही नाही. म्हणून वर्तमानपत्रातही काही आले नाही.

आपल्या घरांत एक संकोच असतो, त्याविषयी दोन शब्द. श्रावकाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आणि वनकर्म ही अगदी आरंभीची दोन. माझ्या आजोबांना जंगलातील कोळसाभट्टीचा ठेका चालून आला होता. त्या काळी मुंबईस लाकडी कोळशाची मोठी मागणी, ठेक्यात पैसा भरपूर; त्यांनी तो घेतला नाही आणि कारण विचारणाऱ्यास ‘आम्हाला झेपत नाही’ एवढेच सांगितले. आज इंधनासाठी झाडे लावून तोडणे हे वनकर्म की वृक्षसेवा, असे मला विचारणारे आहेत. शास्त्रार्थ करण्याचा माझा अधिकार नाही, तो महाराजसाहेबांचा. व्यवहाराच्या अंगाने एवढेच दिसते की, तोडण्यासाठी लावलेले झाड आणि आपोआप निघालेले तूस यांत हिंसेचा हिशेब सारखा नाही, आणि दुसऱ्याचे कुरण घेऊन लावलेले झाड तर आणखी वेगळ्या खात्यात जाते.

इथेनॉलचा विषय मोठा आहे, त्याला ओझरता स्पर्श करतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत सुरू झाला आणि आता वीस टक्क्यांपर्यंत पोहोचला. तो टिकला, कारण मळी कारखान्यात पडून होती, खरेदीदार ठरलेला होता आणि भाव आधी जाहीर होत होता. तुसासारखेच. पण डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारने अचानक बंधन घातले आणि गुंतवणूक केलेले कारखानदार पेचात सापडले. आता मका त्या जागी आला आहे; येवला-मालेगावच्या मक्यास चांगले दिवस आले, आणि कोंबडीखाद्यवाल्यांची ओरड सुरू झाली. अन्न आणि इंधन एकाच पोत्यात आले की पोत्याचा भाव दिल्लीत ठरतो, एवढे व्यापाऱ्याने ध्यानी ठेवावे.

आता बांबूविषयी, कारण आजची माहितीपत्रके त्याचीच आहेत. बांबू उत्तम वनस्पती आहे. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्षा’च्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे तोडणी-वाहतुकीचा जाच संपला. इगतपुरीच्या हवेत तो छान येतो. मानवेल येथील रानात आहेच. ऊर्जा मंत्रालयाने २०२१ साली औष्णिक वीज केंद्रांना कोळशात काही टक्के जैवभार मिसळण्याचे बंधन घातले, त्यामुळे मागणीही आहे असे पत्रकात लिहिलेले असते. खरे आहे. पण प्रमाण पाहू. नाशिकजवळ एकलहरे येथे २१० मेगावॅटचे संच आहेत. एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला तीन हजार टनांच्या आसपास कोळसा खातो. त्याच्या पाच टक्के म्हणजे १५० टन रोज, वर्षाला सुमारे ५५ हजार टन. हेक्टरी दहा टन वाळका बांबू धरला तर एका संचाच्या पाच टक्क्यांसाठी साडेपाच हजार हेक्टर लागतील. म्हणजे विकत घेणारा खूप मोठा आणि आपण फार लहान. भाव ठरविताना कोणाचे चालेल ते सांगायला नको.

दुसरी तुलना अधिक कठोर आहे. दहा टन बांबू जाळून सुमारे चौदा हजार युनिट वीज होईल, एका हेक्टरातून, वर्षाला. त्याच हेक्टरावर सौर पट्ट्या बसविल्या तर सात लाख युनिटांच्या वर मिळते. पन्नास पट. सौर वीज रात्री नसते आणि इगतपुरीच्या आषाढात दिवसाही जवळजवळ नसते, हे मान्य. म्हणून बॉयलरला, भट्टीला जाळण्याजोगे इंधन लागणारच. पण ज्यास जमिनीतून वीज काढायची आहे, त्याने सपाट आणि सबस्टेशनजवळची जमीन पाहावी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आहे, आणि ते भाडे शेतकऱ्यास मिळते, जमीन त्याच्याच नावावर राहून.

भाच्यास मी बांबू लावू नकोस असे सांगितले नाही. बांधावर लाव, ओढ्याकाठी लाव, जेथे माती धरून ठेवण्याचे त्याचे कामच निम्मे उत्पन्न आहे, असे सांगितले. पहिली तोडणी तीन-चार वर्षांनी येते, तोवर खर्च कोठून, ते वहीत लिहून काढ. आधी टोपल्या विणणाऱ्यास, टोमॅटो-द्राक्षाच्या बागांना काठ्या लागतात त्या शेतकऱ्यास विकायचा विचार कर. जाळण्यासाठी विकणे हा बांबूचा सर्वांत खालचा भाव आहे. वरकस घ्यायची झाली तर एकदा भाद्रपदात जा, एकदा वैशाखात जा, आणि तेथे गुरे कोणाची चरतात ते विचार. करारावर सही घेणारे पहिल्या तीन वर्षांच्या अनुदानाचा कागद आधी पुढे करतात. सातव्या वर्षी माल कोण घेणार आणि कोणत्या लेखी भावाने, याचा कागद माग, असे त्याला सांगितले आहे. मलाही अनेकांनी पत्रके दाखविली. तो कागद अद्याप एकानेही दाखविलेला नाही.